पट्टा तुटलाय

धामणओढा,
३ डिसेंबर

नागसेन,

आधी शिव्या घाल, मंग वाच. दोन वर्षं झाले, मी तुला एक ओळ टाकली न्हाई. तू मात्र दर दिवाळीला कार्ड पाठवून राह्यलास अन् मी ते गिरणीतल्या आरशामागं खोचून ठेवून राह्यलो. असा तुझा दोस्त.

फोन काहून केला न्हाई म्हणशील. फोनवर तू नुसतं "बोल अप्पा" म्हणलास, की मला काय बोलायचं ते सगळं विसरून जातं. अन् व्हॉट्सॲपवर लिहावं तर या गावात एकाच्या मोबाइलातलं दुसऱ्याच्या मोबाइलात जायला वेळ लागत न्हाई. आपलं कागदावरच बरं. तू दिल्लीला शिकायला गेल्तास तव्हापासून तसंच चालू हाये.

खबर अशी, की गाव तुझा सत्कार करून राह्यलं. हसू नको. सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा तुझ्या हातानं. सरपंच काकासाहेबानं ठराव मांडला अन् सगळ्याचे हात वर. आपल्या गावचं पोरगं परदेशात दोन देशाच्या शिवंवर बसून थोड्या लोकाला जास्तीच्या लोकापासून कायद्यानं वाचवतं, हे पेपरात आलं तव्हापासून तू सगळ्याला आपला वाटून राह्यलास. फ्लेक्सवर काय लिहायचं ते मलाच विचारलं. "धामणओढ्याचे सुपुत्र, आंतरराष्ट्रीय अल्पसंख्याक हक्क सल्लागार." फोटो कोटातला घेतला. केस गेले तरी बरा दिसतोस.

तुझी माय, चांगुणामाय, बरी हाये. गुडघे धरतात, पण जिभेला अजून काही झालं न्हाई. गिरणी बरी चालून राह्यली. कौसल्या तुला नमस्कार सांगती.

आता एक बारीक गोष्ट. ओढ्यापलीकडं तुमच्या वस्तीनं फाट्यावर पाटी लावल्ती. वर धामणओढा, खाली मिलिंदनगर. दिवाळीनंतर ती वावटळीत पडली. तर चांगुणामायनं ठाण्यात जाऊन आमच्या पोराचं, बबलूचं नाव दिलं. तू बबलूला पाळण्यात पाहिलाय. आता तो तालुक्यात पळण्यात पहिला येतो. पोलीस भरतीचं ग्राउंड मारलं, लेखी राह्यली. ॲट्रॉसिटीत नाव अडकलं की वर्दी गेली, हे मी तुला काय सांगू, तू कायद्याचा माणूस. मायला एक शब्द टाक. लेकाचं ती ऐकंल. तक्रार मागं घेतली तर सत्कारही गोडीत होईल.

जल्दी लिही.

तुझा अप्पा
(अप्पाराव गिरणीवाला, दुसरा कोण)


धामणओढा,
२४ डिसेंबर

नागसेन,

पत्र मिळालं. येतो म्हणलास, लय बरं वाटलं. काकासाहेबाला दाखवलं तर त्यानं बँड सांगून टाकला.

संगं तू तुझ्या भाषणाचा मराठी तर्जुमा पाठवलास. मी तो गिरणीत बसून वाचला. तुझ्या त्या शहरात मधून नदी. अलीकडं एका भाषेचे लोक, पलीकडं दुसऱ्या. लढाई झाली, शीव सरकली अन् थोडे लोक नको त्या बाजूला राहून गेले. मंग दोन्ही सरकारांनी करार केला. त्या थोड्या लोकांची शाळा त्यांच्या भाषेत, कोर्टात त्यांची भाषा चालंल, अन् गावाच्या पाटीवर नाव दोन्ही भाषेत. बाहेरच्या देशांची समिती येऊन पाहून जाती, पाट्या हायेत का न्हाई. इथवर मला बराबर समजलं.

पुढं तू म्हणलास, की पाटी हाये, शाळा हाये, पण कोपऱ्यावरचा पाववाला त्या लोकातल्या म्हातारीला "पाव संपला" म्हणतो अन् तिच्या मागच्याला दोन पाव देतो. पाव संपला म्हणणं गुन्हा न्हाई. मंग हे समितीच्या कोणत्या रकान्यात लिहायचं? हे वाचून मी कागद मांडीवर ठेवला अन् उगाच मशीनचं तेल पाहून आलो.

परत येऊन वाचलं, तर पुढं मीच. "माझ्या गावात अप्पारावची पिठाची गिरणी आहे. तिथे डब्यांची रांग असते. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. मागच्याचं मूठभर पीठ चक्कीत राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं, आणि आजवर कुणी तक्रार केली नाही. करार लिहिणाऱ्यांनी एकदा ती रांग पाहायला हवी." एवढ्या मोठ्या सभेत, सगळ्या देशांच्या लोकापुढं तू माझी गिरणी सांगितली. टाळ्या पडल्या असं तू लिहितोस. कौसल्याला मी हे वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होईल. ती उठून आत गेली.

तू विचारलंस, माय फोनवर बोलता बोलता "टेंभुर्णीला दळणाला आल्ते" म्हणली, तर गावात गिरणी असताना टेंभुर्णी काहून? अरे, पट्टा तुटलाय. मशीन जुनी. पट्टा जालन्याहून आणावा लागतो, अन् सध्या गव्हाला पाणी देणं चालू हाये, तर जाणं होईना. आला की बसवतो. तू मनाला लावून घेऊ नको.

बबलूचं तू काहीच लिहिलं न्हाईस. लेखी फेब्रुवारीत हाये, म्हणून पुन्हा आठवण.

अप्पा


धामणओढा,
११ जानेवारी

नागसेन,

तू पाठवलेला पट्टा आला.

जीपवाल्यानं भर दुपारी गिरणीपुढं आणून टाकला. जालन्याच्या दुकानाचं नाव, वर तुझं नाव, "अप्पारावकडे पोहोचवणे". बराबर मापाचा. तुला माप कसं ठाऊक, तर बारावीच्या सुट्टीत तूच माझ्यासंगं जालन्याला येऊन पट्टा आणल्ता. जीपवाला हसला. म्हणला, "अप्पाराव, चालत्या मशीनला दुसरा पट्टा कशाला?" जीपीतल्या बायाही हसल्या. मशीन चालूच होती.

नागसेन, पट्टा तुटला न्हाई. एक दिवसही तुटला न्हाई.

खरं लिहितो. तक्रार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक झाली. काकासाहेब म्हणला, "कायदा मला पाठ हाये. वाळीत टाकणं गुन्हा हाये. तर तो शब्द कुणी तोंडातून काढायचा न्हाई. कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगायचं. अन् दोघांचं कारण एक नको." लोक खूश. काय डोकं चालवलं म्हणे! तिथंच कारणं वाटून घेतली, लग्नातली कामं वाटून घेतात तशी. द्वारकाबाईची म्हैस आटली. जीपवाल्याच्या सीटा भरल्या. ज्यांच्या वावरात तुमच्या वस्तीतल्या बाया खुरपायला जायच्या, त्यांनी यंदा तणनाशक मारायचं ठरवलं. माझी पाळी आली तव्हा मी म्हणलो, पट्टा तुटलाय. मी स्वतः म्हणलो. कुणी सांगितलं न्हाई.

माय तिसऱ्या दिवशी आली. डोक्यावर ज्वारीचा डबा. मशीन जोरात चालू, दाराशी चार डबे रांगंला लागलेले. मी म्हणलो, "माय, पट्टा तुटलाय." आवाजात तिला ऐकू गेलं न्हाई. तर मला वरडून सांगावं लागलं, नागसेन. चालत्या गिरणीत उभा राहून मी वरडलो, "पट्टा तुटलाय!" चार बाया तिथं उभ्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

माय फिरत्या पट्ट्याकडं पाहत राह्यली. मंग म्हणली, "बरं बाबा. तुटला तर तुटला. हात सांभाळ. तुटका पट्टा लागतो हाताला."

ज्वारीचा भरला डबा खाली टेकवला की पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. तुला ठाऊक हाये. आपल्याकडं रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही थांबून हात लावतो. ती वाकून उभी राह्यली, वाट पाहत. मी हात लावला न्हाई. त्या चौघींनीही न्हाई. शेवटी तिनं डबा गुडघ्यावर घेतला, मंग कंबरंवर, अन् तसाच कडंला धरून ओढ्याच्या उतारानं गेली. मी पुढचा डबा मशीनमदी ओतला.

तिनं तुला हे सांगितलं न्हाई, हे मला तुझ्या पट्ट्यावरनं कळलं. काहून सांगितलं नसंल? माझ्यासाठी असं समजायची माझी लायकी न्हाई. तुझी मान तिथं खाली जाऊ नये म्हणून असंल.

तुझ्या पाववाल्याचं मी वाचलं तव्हाच हे लिहायला पाहिजे होतं. लिहिलं न्हाई. लाज वाटली म्हणावं, तर लाज वाटणारा माणूस दुसऱ्या दिवशी गिरणी उघडून तेच करत न्हाई. मी तेच केलं.

पट्टा तसाच पुडक्यात हाये. त्याचं काय करू ते सांग. सव्वीस तारखंला येशील का न्हाई तेही कळव. बबलूचं आता मी काही म्हणत न्हाई.

अप्पाराव


धामणओढा,
२८ जानेवारी

नागसेन,

तुझ्या पत्रात दोनच ओळी. "सत्काराला येत नाही. पाटी कुणी काढली, हे तू पाहिलंस का?" मायना न्हाई, खाली नाव न्हाई. अक्षरावरनं ओळखलं.

आधी सत्काराचं ऐक, मंग दुसऱ्या ओळीचं लिहितो. तू येणार न्हाई म्हणून मी काकासाहेबाला सांगितलं. तर म्हणला, "बँडला इसार दिलाय, कार्यक्रम रद्द होत न्हाई." झेंडा त्यानं स्वतः फडकवला. स्टेजवर एक खुर्ची ठेवली, तिच्यावर तुझा फोटो टेकवला, अन् खुर्चीला शाल पांघरली, नारळ ठेवला. खुर्चीचा सत्कार झाला रे. मंग कुणाला तरी सुचलं, की मानपत्र मायच्या हातात द्यावं. "चांगुणाबाईला बोलवा" म्हणले. आता बोलवायला जाणार कोण? तीन महिन्यात तिच्याशी बोललंय कोण? शेवटी शाळेचा शिपाई गेला अन् एकटाच परत आला. म्हणला, त्या म्हणल्या, मला टेंभुर्णीला दळणाला जायचंय.

अन् फ्लेक्स. तुझा तो कोटातला फोटो फाट्यावर कशाला बांधलाय, सांगू? पाटीचे दोन लोखंडी पाइप रिकामेच उभे होते, त्याला. नवे बांबू कशाला आणायचे म्हणले. कुणाच्या मनातही आलं न्हाई. माझ्याही आलं न्हाई, दोरी मीच ओढून धरल्ती. बांधून झाल्यावर मागं सरकून पाहिलं, तव्हा ध्यानात आलं. "सुपुत्र" लिहिलेलं बराबर तिथं आलंय, जिथं तुमच्या वस्तीचं नाव होतं.

आता तुझी दुसरी ओळ. हो. पाहिलं.

कार्तिकात कसली आली वावटळ! पहाटं बबलू पळायला जातो, त्या दिवशी त्याच्यासंगं आणखी दोघं होते. नट खोलायचे पाने माझ्या गिरणीतले नेले. मी मोटार चालू करायला वावरात चाललो होतो, तर फाट्यावर बबलू पाइपावर चढलेला, नट खोलून राह्यलेला. मला पाहून घाबरला. मी बाप. मी म्हणायचं होतं, उतर खाली. मी म्हणलो, "जल्दी करा, टेंभुर्णीची जीप यील."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. कौसल्यालाही न्हाई. पाटी आमच्या गिरणीतच हाये, पोत्यांच्या मागं, भिंतीकडं तोंड करून.

पाटीचा राग मला काहून आल्ता, तेही लिहून टाकतो. वर आमचं नाव, खाली तुमचं. कुणाचं काही गेलं नव्हतं. टेंभुर्णीत कुणी म्हणलं, "काय अप्पाराव, तुमच्या गावचं नाव बदललं वाटतं," अन् माझं टाळकं फिरलं. घरी येऊन जेवताना मीच बबलूपुढं बोललो, की आता ओढ्यापलीकडच्यांनी आपल्याला गाव शिकवायचं का? पोरगं ऐकून घेत होतं. नट त्यानं खोलले, पण ते डोक्यात कुणी घातलं?

लेखी चौदा दिवसावर हाये. तू मला जबाब दे असं म्हणला न्हाईस. नुसतं विचारलंस. माझ्याच्यानं ठाण्याची पायरी चढवंल का, ते मला आज तरी सांगता येत न्हाई. बबलू समोर भाकर खात बसला की सगळ्या हिमतीचं पाणी होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक म्हणतात. मी दुसऱ्याच्या मायला तशी वागणूक दिली.

एक काम कर. त्या भाषणातून माझी गिरणी काढून टाक. आजच काढ. परदेशातले लोक टाळ्या वाजवून राह्यले, इकडं मला मशीनचा आवाजही सोसंना.

अप्पाराव


धामणओढा,
९ फेब्रुवारी

नागसेन,

जबाब दिला.

परवा पोत्यांमागनं पाटी काढली. मला वाटलं धुळीनं, पिठानं माखली असंल. तर स्वच्छ! कौसल्या रोज गिरणी झाडती, तव्हा ती पाटी ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा भिंतीकडं तोंड करून ठेवत होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणली, "घरात आणलेलं मला ठाऊक नसंल का?" मंग विचारलं, पुसत काहून होतीस. तर म्हणली, "त्याच्यावर गावाचं नाव हाये." एवढं बोलली. मी पाटी उचलली तव्हा तिला समजलं मी कुठं निघालो. दार अडवून उभी राह्यली. "पोराच्या ताटात माती कालवू नका," म्हणली, अन् रडली. मी बाजूनं निघालो. आता ती माझ्याशी बोलत न्हाई. जेवायला वाढती, पाणी ठेवत न्हाई.

पाटी मोटारसायकलवर आडवी बांधून गावातनं नेली. सगळ्यांनी पाहिली. ठाण्यात साहेबानं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. बबलूनं नट खोलले ते सांगितलं. मी "जल्दी करा" म्हणलो तेही सांगितलं. साहेब पेन थांबवून म्हणले, "हे लिहू? यात तुम्हीबी येता." लिहा म्हणलो. बैठकीचं सांगितलं, कोणाचं कोणतं कारण ते सांगितलं, माझं सगळ्यात आधी.

बबलू भोकरदनला मामाकडं निघून गेला. जाताना म्हणला, "बाप असून तुम्ही असं केलं." मी म्हणलो, "बाप असून तव्हा तुला खाली उतरवलं न्हाई, ते आधी केलं." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला वर्दीचा लय नाद, रे. लहानपणी पोळ्याला बैलासंगं स्वतःलाही पट्टा बांधून शिट्टी वाजवायचा. माझ्या पोराचं मी वाटोळं केलं, अन् ते जबाब देऊन केलं का त्या पहाटं केलं, हे मला अजून नीट उमगत न्हाई.

गिरणी उघडी हाये. गावातनं डबा येत न्हाई. वस्तीतनं तर न्हाईच.

ठाण्यातनं आल्यावर मी सरळ ओढा ओलांडून चांगुणामायकडं गेलो. कित्येक वर्षात त्या अंगणात मी पाय ठेवला नव्हता. ती तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, ती बस म्हणली न्हाई. सांगून झालं, तरी मी तिथंच उभा. मला वाटलं, आता ती म्हणंल, बस बाबा, च्या ठेवते. लहानपणी तुझ्याआधी मला द्यायची. खरं लिहितो, नागसेन, ठाण्यातनं येताना सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात तो च्या होता. जबाबाबद्दल मला काहीतरी पाहिजे होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणली, "खरं बोललास, ते तुझ्या जिवासाठी बरं झालं. माझ्या डोळ्यादेखत तुझं पोरगं खाली जाईल, त्यात मला काही गोड न्हाई. मलाबी लेक हाये." मी म्हणलो, "माय, च्या?" तोंडातनं निघूनच गेलं. मागून च्या मागितला, इतका मी निर्लज्ज.

ती म्हणली, "च्या हाये. दूधबी हाये. पण तुला द्यायचं माझ्या मनात न्हाई, अप्पा. आज न्हाई. जा घरी."

अन् तिनं सूप उचललं. तिनं कोणतंही कारण पुढं केलं न्हाई. तोंडावर न्हाई म्हणली, माझ्याकडं पाहून. गेल्या तीन महिन्यात या गावात कुणीच कुणाला असं न्हाई म्हणलं नव्हतं. मी बरं म्हणलो अन् घरी आलो.

उत्तर दिलं न्हाईस तरी चालंल. माय दोन दिवस खोकत होती, तेवढा फोन तिला कर.

अप्पा